बेबाबाईंचे न सापडणारे जेठ

माणूस सापडत नाही म्हणजे काय, हे कायद्यात नीट लिहिलेलं आहे आणि मला ते पाठ आहे. बेबाबाईंना ते कधीच पटलं नाही. माझ्या टेबलावर बोट आपटून त्या म्हणायच्या, "वकीलबाई, माणूस हारायेल नही शे. माणूस घरमा शे, भाकर खाई ऱ्हायना, बिडी पी ऱ्हायना. हारायेल शे तो तुमना कागद."

तालुक्याच्या कोर्टात मी इतकी वर्षं दिवाणी कामं करते आहे. पक्षकार येतात, जातात, निकाल लागला की रस्त्यात ओळखही देत नाहीत, आणि मला त्याचं काही वाटत नाही. पण बेबाबाई आठवल्या की माझं डोकं आजही तापतं. त्यांच्यावर नाही.

त्यांचं प्रकरण लहान होतं. तापीकाठच्या गावात सासऱ्यांच्या जमिनीची दोन भावांत वाटणी झाली. रस्त्याकडचा पुढचा भाग थोरल्याला, मागचा बेबाबाईंच्या नवऱ्याला. पुढच्या वावरातून मागच्या वावरात जायला गाडीवाट राहील, असं वाटणीपत्रात साफ लिहिलेलं. नवरा होता तोवर ती वाट चालली. तो गेला, आणि उन्हाळा संपायच्या आत थोरल्याने तारेचं कुंपण घातलं, लोखंडी फाटक बसवलं आणि कुलूप लावलं. मागचं वावर मला विकून टाक, असं त्यांनी बेबाबाईंना कधी तोंडाने म्हटलं नाही. कुलूपच बोलत होतं.

मागच्या वावरात केळी होती. केळीला टेम्पो बांधापर्यंत यावा लागतो. कापूस बाई डोक्यावर आणू शकते. बागेतले घड डोक्यावर घेऊन नाला ओलांडून कुणी आणत नाही. बेबाबाई आधी तहसीलला गेल्या. तिथे सांगितलं, ही भावकीची भानगड, दिवाणीत जा. म्हणून त्या माझ्याकडे आल्या.

पहिल्याच दिवशी अडलं ते नावावर.

"दावा कुणावर करायचा, मावशी?"

"मन्हा जेठवर."

"नाव सांगा त्यांचं."

त्या भिंतीकडे बघत बसल्या.

"नाव लागेल ना. नावाशिवाय दावा कसा लिहू?"

"गावमा कोले बी ईचारा, सांगी."

"मी गावात कुठे जाऊ विचारायला?"

तेव्हा त्यांनी पिशवीतून सातबारा काढून माझ्यापुढे सरकवला. "आठे लिखेल शे. वाचा तुम्ही. पन मनमा वाचा."

मी सवयीने मोठ्याने वाचलं. "नथ्थू महादू..." तेवढ्यात बेबाबाईंनी पदर कपाळावर ओढला. माझ्या ऑफिसात त्या वेळी आम्ही दोघी आणि डोक्यावरचा पंखा, इतकेच होतो. त्यांच्या घरात धाकट्या भावाची बायको जेठाचं, म्हणजे थोरल्या दिराचं, नाव घेत नाही, त्याच्यासमोर डोकं उघडं ठेवत नाही, आणि जेठही ती समोरून आली की बाजूला होतो. लग्न होऊन आल्यापासून त्या हे पाळत होत्या. फाटक लावणाऱ्या माणसाबद्दलही त्या आदरानेच बोलत. "त्यास्नी कुलूप लायं. त्या मोठा शेतस."

मला राग आला. म्हटलं, "ज्याने तुमची वाट बंद केली, त्याची कसली लाज धरता?"

"लाज त्यास्नी नही शे," त्या म्हणाल्या. "लाज मन्ही शे. मन्ही मी धरस."

मी दावा लिहायला घेतला.

बेबाबाई अंगठा लावत नसत. बँकेच्या पासबुकासाठी सही शिकलेल्या होत्या, आणि ती करायला त्यांना इतका वेळ लागे की शिरस्तेदार दुसरं काम उरकून घेई. मी एकदा सुचवलं, घाई आहे, अंगठा चालतो. तर म्हणाल्या, "अंगठा मरेल माणूसना बी लेतस. सही जित्ता माणूसच करस." आणि पुन्हा 'बे'ची मात्रा काढायला लागल्या.

कोर्टात त्या बाकावर बसत नसत. व्हरांड्याच्या टोकाला, जिथे वारा लागतो, तिथली जागा पिशवीतल्या फडक्याने झाडायच्या आणि भिंतीला टेकून बसायच्या. पाण्याच्या टाकीचं झाकण उघडं दिसलं की पट्टेवाल्याला झापायच्या. तोही गुपचूप झाकण लावायचा. दुपारी मी चहात बिस्किट बुडवताना दिसले की कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी आणि मिरचीचा ठेचा पुढे करायच्या. "हाई काय खानं शे? धाकला पोऱ्या खातस हाई. ल्या." नको म्हणून उपयोग नसे, आणि खरं सांगायचं तर भाकरी चांगली असे.

आता जेठांकडे येते.

कोर्टाने समन्स काढलं. बेलिफ गावात जाऊन आला. अहवाल लिहिला: प्रतिवादी नवापूरला कोंबड्यांच्या फार्मवर गेल्याचे घरच्यांनी सांगितले, उद्या येतील. पुन्हा समन्स निघालं. अहवाल आला: प्रतिवादी तोरणमाळला देवदर्शनास गेले आहेत. तिसऱ्या वेळी ते सुरतला मुलीकडे होते. रजिस्टर पोस्टाने पाठवलेलं पाकीट 'घर बंद' असा शेरा घेऊन परत आलं.

"घर बंद?" बेबाबाईंनी ते पाकीट हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. "त्या घरमा म्हशी बांधेल शेतस. म्हशी बी सुरतले गयात का?"

सकाळी त्यांनी जेठांना डेअरीच्या ओट्यावर पेपर वाचताना पाहिलेलं असायचं. दुपारी कोर्टात मी अर्ज द्यायचे की प्रतिवादी मिळून येत नाही, सबब समन्स बजावणीसाठी मुदत मिळावी. अर्जाखाली बेबाबाई सही करायच्या, आणि त्यांच्या कपाळावर आठी असायची. जो माणूस सकाळी दिसला, तो मिळून येत नाही असं लिहून द्यायचं! मला तरी काय वेगळं वाटत होतं? अक्कलकुव्याकडच्या एका कामात मणिबेलीला बोटीने जाऊन समन्स बजावलेलं मी पाहिलं आहे. पाण्याने वेढलेल्या टेकडीवरच्या पाड्यात, जिथे घराला नंबर नाही, तिथल्या माणसाला कोर्टाचा कागद बरोबर पोचतो. आणि डांबरी रस्त्यावर, डेअरीसमोर, चष्मा लावून पेपर वाचणारा माणूस कोर्टाला दिसत नाही.

समोरच्याचं ऐकल्याशिवाय फाटक काढण्याचा हुकूम देता येत नाही, हे तत्त्व बरोबर आहे. उद्या मी प्रतिवादीच्या बाजूने उभी राहिले तर हेच म्हणेन. पण मग ज्याने ऐकवायलाच यायचं नाही असं ठरवलं, त्याचं काय? फाटकाला कुलूप लावायला त्याला एक सकाळ लागली. त्याला कोर्टात आणायला आमचा केळीचा एक अख्खा हंगाम गेला. घड झाडावर पिकले, फुटले, त्यावर माश्या बसल्या. बेबाबाईंनी जेवढे जमले तेवढे पाटीत घालून नाल्यातून आणले. उरलेली बाग कापून गुरांना घातली.

त्याच हंगामात, घड पिकत होते तेव्हा न्यायाधीश साहेबांनी मला विचारलं, "मॅडम, आणखी किती मुदत मागणार?"

मी उत्तर द्यायच्या आत मागून आवाज आला. "साहेब, मी काय लगेच मरी नही ऱ्हायनू. पन केयी पिकी ऱ्हायनी."

साहेब नव्याने बदलून आलेले, त्यांना अहिराणी कळेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की वादीचं पीक तयार आहे, काम तातडीचं आहे. बाहेर आल्यावर बेबाबाई माझ्यावर घसरल्या. "मरानं का बरं नही सांगं तुम्ही? तेच ते मोठं व्हतं."

कागद घराच्या दाराला चिकटवून बजावणी झाली असं धरता येतं, हे मी साहेबांना सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं, प्रत्येक अहवालात घरचे लोक तो उद्या येईल म्हणतात. तो मुद्दाम टाळतो आहे असं दाखवा, गावातल्या एखाद्याचं प्रतिज्ञापत्र आणा. गावात असं प्रतिज्ञापत्र द्यायला एकही माणूस पुढे आला नाही. जेठांच्या ट्रॅक्टरने सगळ्यांच्या नांगरट्या व्हायच्या.

मग बेबाबाई स्वतःच बेलिफला बसने घेऊन गेल्या. हा बेलिफ नवा, विदर्भाकडचा, सरळ माणूस होता. डेअरीच्या ओट्यावर जेठ बसलेले होते. बेबाबाईंनी दुरूनच हनुवटीपर्यंत पदर ओढला आणि पदराच्या आतून बोट दाखवलं.

बेलिफने त्या माणसाला विचारलं, "आपणच नथ्थू महादू का?"

"छे," तो म्हणाला. "तो सुरतले जायेल शे. मी त्यान्हा मामेभाऊ."

ओट्यावरच्या सगळ्यांनी माना हलवल्या. एकाने बेलिफला चहा दिला.

बेबाबाईंनी पुन्हा बोट दाखवलं. तेव्हा तो मामेभाऊ बेलिफला म्हणाला, "साहेब, बाईनं तोंड झाकेल शे. तिले काय दिसी ऱ्हायनं ते तिलेच ईचारा." ओटा हसला. बेबाबाई पदराआड उभ्या होत्या आणि ओटा हसत होता. बेबाबाईंनी घरच्या एका लग्नातला फोटो आणला होता. त्यात सगळ्याच पुरुषांना फेटे आणि मिशा. बेलिफने अहवाल लिहिला: प्रतिवादीची ओळख पटली नाही.

हा अहवाल वाचून साहेबांनी अर्जावर लिहिलं, अखेरची मुदत, त्यानंतर दावा काढून टाकण्यात येईल. मी बेबाबाईंना व्हरांड्यात बसवून समजावलं. या वेळी कागद हातात पडला नाही, तर दावा संपेल.

"मंग वाट?"

"वाटही."

त्या बराच वेळ फडक्याची घडी घालत आणि मोडत बसल्या. मग म्हणाल्या, "त्या दिन तुम्ही बी चला."

बेलिफबरोबर फिरणं हे वकिलाचं काम नाही. पण बस चुकली म्हणून पोचलो नाही, हे मला अहवालात वाचायचं नव्हतं. मी माझी गाडी काढली, बेलिफला पुढे बसवलं, बेबाबाई मागे. गावाची कमान दिसली तेव्हा त्या एवढंच बोलल्या. "आज मी काय बी करसू, तुम्ही मधमा बोलू नका."

सकाळचं दूध घालून झालं होतं. ओटा भरलेला होता. आम्ही उतरलो. बेबाबाईही उतरल्या, आणि दार लावता लावता त्यांनी डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि कमरेला खोचला. पांढरे, विरळ केस, मागे सुपारीएवढा अंबाडा. इतक्या दिवसांत मी त्यांचे केस पाहिलेलेच नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. तशाच त्या ओट्याकडे चालत गेल्या, शेताकडे जावं तशा, घाई न करता.

ओट्यावरचं बोलणं थांबलं. सगळी डोकी वर झाली आणि सगळे त्यांच्याकडे टक लावून बघायला लागले. फक्त मधला एक माणूस उठला, वळला, आणि भिंतीवरच्या, दुधाचे भाव लिहिलेल्या फळीकडे तोंड करून उभा राहिला.

"साहेब," बेबाबाई बेलिफला म्हणाल्या, "समदा मन्हाकडे देखी ऱ्हायनात. भितकडे तोंड कोणं शे?"

बेलिफला काही कळलं नाही. "म्हणजे काय, बाई?"

तेवढ्यात भिंतीकडे तोंड केलेला माणूस ओरडला. "पदर ल्हे डोकावर! मन्हा भाऊ मरी गया म्हनीसन गावमा अशी फिरशी का? मन्हा भाऊनी बायको शे तू! लाज वाटस का नही?"

ओट्यावर कुणीतरी "अरे, अरे" असं पुटपुटलं, पण शब्द तोंडातून निघून गेलेले होते.

बेलिफ शांतपणे म्हणाला, "तुमच्या भावाची बायको? मग त्या दिवशी तुम्ही मामेभाऊ कसे झालात?"

"नाव लिखी ल्या, साहेब," बेबाबाईंचा आवाज चढला नव्हता, पण रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जात होता. "नथ्थू महादू. मन्हा जेठ. आते मीच सांगस."

"डोकं झाक पयले!" जेठ भिंतीला सांगत होते.

"कागद ल्या," त्या म्हणाल्या. "मंग मी पदर लेस."

गिरणीचा पट्टा फटफटत होता. मग जेठांनी, मान न वळवता, हात पाठीमागे केला आणि बोटं हलवली. बेलिफने समन्स त्या हातात ठेवलं. सहीचा कागद त्यांनी फळीवरच टेकवला आणि भिंतीशीच सही केली. बेलिफने ती तपासली, घडी घातली, खिशात ठेवली. त्यानंतर बेबाबाईंनी कमरेचा पदर सोडवला आणि डोक्यावर घेतला. गाडीत बसल्यावर त्यांनी तो पुन्हा कपाळापर्यंत ओढून घेतला.

आता मला राग कशाचा येतो, ते सांगते. वर्षभर तो सगळा ओटा कोर्टाच्या माणसाशी खोटं बोलला. त्याबद्दल गावात कुणी कुणाला जाब विचारला नाही. पण बेबाबाई उघड्या डोक्याने जेठासमोर गेल्या, ही बातमी त्याच दुपारी त्यांच्या लेकीच्या सासरी पोचली. पुढच्या लग्नसराईत त्यांना एका घरून हळदीचं बोलावणं आलं नाही, दुसऱ्या घरून आलं पण कुंकू लावायला कुणी पुढे झालं नाही. विधवा म्हणून आधीही हात आखडायचे, आता निमित्त मिळालं. आमच्या वकिलांच्या खोलीतही एकाला फार हसू येत होतं. "मॅडम, तुमच्या पक्षकाराने नवीन प्रकारची बजावणी काढली म्हणे." मी त्याला म्हटलं, वर्षभर खोटं बोलणाऱ्या पुरुषांवर एखादा विनोद सुचला तर तोही सांग, ऐकते. तो फाइल चाळायला लागला.

मी बेबाबाईंना विचारलं, गावातलं हे मनाला लागतं का. खोटं धैर्य दाखवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"लागस ना. का बरं नही लागाव?" त्या म्हणाल्या. "पोरले बोलतस ते जास्त लागस." मग म्हणाल्या, "पन मी नवी केयी लाई टाकी."

"हुकूम नाही, वाट नाही, आणि केळी लावली?"

"केयीले हुकूम लागस का? पानी लागस."

पुढच्या तारखेला नथ्थू महादू कोर्टात हजर झाले. इस्त्रीचे कपडे, पांढरी टोपी, हातात काठी, जी ओट्यावर कधी नव्हती. त्यांच्या वकिलाने अर्ज दिला: प्रतिवादींचे वय व प्रकृती पाहता कैफियत, म्हणजे दाव्याचे लेखी उत्तर, देण्यास मुदत मिळावी.

मी हरकत घ्यायला उठले. मला शब्द कमी पडत नव्हते. कुठून सुरुवात करू, एवढाच प्रश्न होता. ज्याने स्वतः न सापडून वर्ष घालवलं, तो आता वेळ मागतो! तोच माझा गाऊन मागून ओढला गेला.

"द्या त्यास्ले मुदत," बेबाबाई कुजबुजल्या.

"काय?"

"द्या ना. जितला दिन मांगतीन तितला दिन द्या. पन तवलग फाटक उघडं ऱ्हावू द्या."

कुजबुज म्हटलं, पण ती साहेबांपर्यंत गेली. तोवर साहेबांना अहिराणी समजायला लागली होती. त्यांनी चष्मा काढला आणि प्रतिवादीच्या वकिलाला विचारलं, "बोला. या अटीवर मुदत हवी, की फाटक उघडण्याचा अंतरिम अर्ज आजच ऐकू?"

वकील अशिलाकडे वळला. अशिलाने काठीकडे पाहिलं. आज ऐकलं तर वाटणीपत्र वाचलं जाईल, हे दोघांनाही माहीत होतं. अट मान्य झाली. संध्याकाळच्या आत कुलूप निघालं.

त्यानंतर नथ्थू महादूंनी कैफियतीला मुदत मागितली, मग कागदपत्रांना मुदत मागितली, मग वकील बदलला आणि नव्या वकिलाने मुदत मागितली. प्रत्येक अर्जाबरोबर फाटक पुढच्या तारखेपर्यंत उघडं राहिलं. मी हरकत घेऊ का विचारलं की बेबाबाई म्हणायच्या, "मांगू द्या, मांगू द्या." दावा अजून चालू आहे. त्या मात्र यायच्या बंद झाल्या. फोनवर म्हणाल्या, "वाट चालू शे, मंग कोर्टमा कसाले येवू? जावईले धाडस."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दुसऱ्याच एका कामासाठी त्या बाजूला गेले तेव्हा. डेअरीच्या अलीकडे माझी गाडी बाजूला घ्यावी लागली. समोरून केळीच्या घडांनी भरलेला टेम्पो येत होता. ड्रायव्हरशेजारी बेबाबाई. ओटा नेहमीप्रमाणे भरलेला. रस्ता मोकळा होता, गुरं नाहीत, माणसं नाहीत. टेम्पो ओट्यासमोर आला आणि बेबाबाईंनी ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं. त्याने हॉर्न दाबला आणि ओटा संपेपर्यंत हात काढला नाही. ओट्यावरचे सगळे वळून बघायला लागले. बेबाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या खिडकीतून मागे वाकून घडांची दोरी सैल झाली आहे का, ते बघत होत्या.